पुसू की झाकू?

आत्या तणतणतच भाचीच्या स्टुडिओत शिरली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोनमधला फोटो तिच्या नाकासमोर धरून म्हणाली, "यातून ह्यांना काढून टाक. मला न विचारता माझं शिलाई मशीन भंगारात दिलंय."

भाची डिझायनर होती. नको असलेल्या माणसांना फोटोतून उडवणं हे तिचं रोजचंच काम. पण ज्या काकांनी तिला सायकल शिकवली, त्यांच्यावर तिचा हात चालेना.

"तुझ्या खांद्यावर त्यांचा हात आहे, तोही जाईल हं," तिने सांगून पाहिलं.

"त्याच हाताने मशीन उचललं. जाऊ दे."

भाचीने नाइलाजाने फोटो स्क्रीनवर घेतला. "पुसू की झाकू?"

"फरक काय पडतो?"

"पुसलं की कायमचं गेलं. झाकायचं तर मास्क लावायचा. त्यावर काळा ब्रश फिरवला की माणूस दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की होता तसा परत येतो."

तिने करून दाखवलं. काका गेले, काका आले. आत्याने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा करायला लावलं. या वेळी काका परतले तेव्हा तिच्या ओठांचे कोपरे जरा हलले, पण लगेच तिने चेहरा सावरला.

"झाक," ती म्हणाली. "पण हे विचारायला आले, तर पुसून टाकलं म्हणून सांग."