नावातली फुली

वलीने पाच नंबरच्या जर्सीला आतून इस्त्री टेकवली, मनात पंधरापर्यंत मोजलं आणि पाठीवरच्या नावाचं पहिलं अक्षर नखाने उचललं.

नाव हॅक्सबी. इंग्रजी पाच अक्षरांचं, आणि बरोब्बर मधोमध एक्स. वलीला इंग्रजी वाचायचा कंटाळा. एक्सला तो फुली म्हणायचा. अख्ख्या संघात फुली असलेलं नाव एकच, त्यामुळे ढिगातून ही जर्सी तो डोळे झाकून ओढून काढी.

"साडेचारला टीमचा फोटो आहे," सकाळीच ऑफिसातल्या अर्सलानने येऊन बजावलं होतं. "नवीन डिफेंडर आलाय, ब्राझीलचा. नवं किट कस्टम्समध्ये अडकलंय, तर हीच जर्सी त्याला. जुनं नाव काढा, नवं लावा."

"हकसाबना सांगितलं काय?" हॅक्सबी हे नाव वलीच्या तोंडात कधी बसलंच नाही.

"फोटोनंतर सांगू, इन्शाल्ला. आणि वलीभाई, तुमच्या तोंडून गेलं ना, तर तुमचंही खलास समजा."

अर्सलान म्हसळ्याचा, वली श्रीवर्धनचा. धमकी मराठीतून मिळाली, एवढीच काय ती गाववाल्याची सवलत.

आखातातल्या, फुजैऱ्याच्या रस्त्यावरच्या या लहानशा क्लबात वली बारा वर्षं खेळाडूंचे कपडे सांभाळत होता. हॅक्सबी इंग्लंडात कुठे, कसा खेळला ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण कपड्यांनी सगळं सांगितलं होतं. डावा खांदा बाविसाव्या वर्षी मोडला, म्हणून डाव्या बाहीची शिवण उसवून सैल करायची. उजवा घोटा दोनदा गेला, म्हणून त्या पायाला दोन मोजे, आतला अर्धा कापलेला. पस्तिसाव्या वर्षी हा बाबा मैदानात उभा राहायचा तो अर्धा वलीच्या सुईदोऱ्यावर.

पहिली दोन अक्षरं निघाली. फुली निघाली, तोच दार वाजलं. वलीने झटकन जर्सीवर टॉवेल टाकला.

"हबीबी, माझी जर्सी?" हॅक्सबी चौकटीखालून मान वाकवून आत आला. "आज फोटो आहे ना. शुक्रवारी बायको आणि पोरगी येतायत, कायमच्या. शाळेत ॲडमिशन झालं. पोरगी विचारते, वर्गातून समुद्र दिसतो का."

सकाळपासून वलीने त्याला सांगायला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक वाक्य घोकून ठेवलं होतं. ते ओठापर्यंत आलं, आणि मग त्याला गावाकडे बारावीत शिकणारी आपली लेक नबिला आठवली.

"वॉशिंग," तो म्हणाला. "वॉशिंगमध्ये आहे."

मशीनचं दार सताड उघडं होतं. आत एक रुमालसुद्धा नव्हता.

"बरं. झाली की दे." हॅक्सबी वळला, आणि थांबला. "हे काय चिकटलंय तुला?"

त्याने वलीच्या कोपरावरून काहीतरी सोलून घेतलं. पांढरी फुली. ती त्याने बोटावर धरून पाहिली, मग टॉवेलकडे पाहिलं. चेंडू पडायच्या आधी तो कुठे पडणार हे ओळखण्यावर या माणसाने अठरा वर्षं पोट भरलं होतं. त्याला सांगावं लागलं नाही.

त्याने टॉवेल उचलला. जर्सीवर शेवटची दोन अक्षरं उरली होती.

"मला कधी सांगणार होते?"

"फोटोनंतर."

"आणि तू?"

वली निघालेली अक्षरं गोळा करू लागला.

हॅक्सबी बाकावर बसला. मग त्याने जर्सी मांडीवर घेतली आणि इस्त्री जवळ ओढली.

"शेवटून काढायचं असतं, हबीबी. पुढून काढलं की कापड ताणतं." त्याने शेवटचं अक्षर अलगद उचललं. "सोळाव्या वर्षी तिकडे इंग्लंडात मला क्लबात घेतलं, तेव्हा माझं कामच हे होतं. मोठ्यांचे बूट पुसायचे, आणि ज्यांना काढणार त्यांची नावं आदल्या दिवशी उतरवायची. एकोणीस नावं उतरवली मी. सकाळी ते मला गुड मॉर्निंग म्हणायचे." राहिलेलं अक्षरही निघालं. "मी एकालाही सांगितलं नाही."

जर्सी नीट घडी करून त्याने वलीच्या हातात दिली. फुली खिशात टाकली आणि ऑफिसकडे न वळता सरळ पार्किंगकडे चालू लागला.

साडेचारला संघ फोटोसाठी दोन रांगांत उभा राहिला. नवा खेळाडू उंच, म्हणून मागच्या रांगेत मधोमध. संघाच्या पाठीमागे पाण्याच्या बाटल्या घेऊन वली उभा होता. अर्सलान तरातरा त्याच्याजवळ आला.

"हॅक्सबी फोन उचलत नाहीये. गाडी घेऊन गेलाय. कोणी सांगितलं त्याला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. खरं बोलला असता तर वली सहीसलामत सुटला असता.

"मी," वली म्हणाला. "मी सांगितलं."

"वलीभाई, तुम्हाला कळतंय काय बोलताय ते?"

"यल्ला, सगळे इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला.

सगळ्यांनी समोर पाहिलं. वलीच्या पुढे नुसत्या पाठी होत्या. दोन मोसम धुऊन धुऊन जर्सीचा लाल रंग विटला होता, पण जुनी अक्षरं होती तिथे तो अजून गडद होता. नवं नाव पायवा, तेही इंग्रजी पाच अक्षरांचं, आणि मधलं अक्षर आय, म्हणजे नुसती एक उभी दांडी. त्या दांडीमागून फुलीचे चारही हात स्वच्छ दिसत होते.