अर्धाच शिकलेला निबंध

"वादाचा निबंध दोन दिवसांत शिकवतो," गुरुजी म्हणाले. "आज समोरच्याची बाजू भक्कम मांडा. उद्या ती खोडून आपली मांडू."

त्याच संध्याकाळी सोनबांनी पुतणी शालनला शाळेतून काढलं. "पोरीच्या जातीला लिवायला शिकून काय करायचंय?"

वर्षभरात पिंपरीच्या नव्या कारखान्यासाठी त्यांच्या जमिनीची नोटीस आली. "शाले, हरकतीचा अर्ज लिव," सोनबा म्हणाले. तिने दोन पानं भरून लिहिलं, त्यांनी खाली अंगठा उठवला.

कचेरीत कारकुनाने अर्ज वाचून हात जोडले. "वा सोनबा! कारखाना का हवा, हे इतकं पटवून आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

सोनबा तणतणत घरी आले. "आपली बाजू कुठं हाय गं?"


"ती दुसऱ्या दिवशी शिकवणार होते, तात्या."