मागच्या चाकांचं स्टिअरिंग

वळणाच्या अलीकडे त्याने जीप थांबवली आणि सवयीने खिडकीबाहेर डोकं काढलं. मुलगी कडेच्या दगडावर उभी होती. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"मी खुणा करणार नाही बाबा. मी इथे नाहीच असं समजा."

टेकडीवरच्या मोबाइल टॉवरच्या जनरेटरला डिझेल पोचवायचं हे त्याचं काम. या वळणावर लांबलचक जीप एका दमात कधी वळलीच नव्हती. मुलीने खाली उतरायचं, जीप मागे घेताना या या म्हणायचं, बास म्हणून मागच्या पत्र्यावर थाप मारायची, मग पुन्हा पुढे. एवढ्यासाठी ती शहरातली नोकरी पुढे पुढे ढकलत होती. तुम्ही एकटे कसे वळाल, हे तिचं पालुपद. शेवटी तो हट्टाला पेटला आणि उन्हाळाभर खपून त्याने मागच्या चाकांनाही स्टिअरिंग बसवलं. गॅरेजवाल्याने यथेच्छ थट्टा केली, उद्या छपरालाही चाकं लावशील म्हणाला. त्याने ती कानाआड केली.

त्याने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं डावीकडे वळवली, गिअरशेजारचा नवा दांडा ओढला, तशी मागची उजवीकडे वळली. जीप जागच्या जागी फिरल्यासारखी वळली. त्याला हसूच आलं, आणि त्या आनंदात दांडा परत ढकलायचा राहून गेला. पुढची चाकं सरळ झाली तरी मागची वळलेलीच होती. जीपचा मागचा भाग दरीकडे सरकू लागला.

त्याने मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंडातून शब्द नाही. त्याने ब्रेक दाबला, दांडा ढकलला, जीप सरळ करून वर टॉवरपाशी नेली.

ती धापा टाकत मागून आली. पाठीमागचे हात अजून सुटले नव्हते.

"दिसत होतं ना तुला? मग ओरडली का नाहीस?"

"उद्या कोण ओरडणार होतं?"

त्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, आता जमलं आहे, कळवून टाक त्या नोकरीवाल्यांना. तिने हात सोडवून खिशातून फोन काढला. मग बोलायला टॉवरच्या पलीकडे गेली. तिचं बोलणं त्याला ऐकू येत होतं. आधी अडखळत, मग हळूहळू मोकळं, आणि शेवटी ती चक्क हसली.

ते ऐकवेना म्हणून तो जीपखाली शिरला. मागच्या ॲक्सलचा एकेक वेल्डिंगचा जोड त्याने बोटांनी चाचपून पाहिला. एकही कच्चा नव्हता. आपला हात इतका चांगला असल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.