सतरा क्रमांकाच्या बाई

"आवाज बसलाय तुमचा, साहेब. गरम पाणी प्या जरा."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. मग तो पुरुषी आवाज पुन्हा कामाला लागला. "मॅडम, मुद्द्यावर येऊ. खातं सुरक्षित ठेवायचं असेल, तर बाराच्या आत रक्कम वळती झाली पाहिजे."

"करते हो. तुम्ही जेवलात का?"

संशोधिकेने ध्वनिमुद्रण थांबवले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. "घ्या! चोराचीच विचारपूस. आता डबासुद्धा पाठवतील."

"गप रे," ती म्हणाली. पण 'आपुलकी'च्या रकान्यात तिने खूण केलीच.

फोनवरून एकदा फसलेली माणसे पुन्हा पुन्हा का फसतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. शहरातल्या तेवीस जणांनी आपली संभाषणे मुद्रित करू देण्याची परवानगी विद्यापीठाला दिली होती. त्यांत सर्वांत कोड्यात टाकत होत्या त्या सतरा क्रमांकाच्या बाई. भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या, निवृत्त. घरात एकट्या, एकुलता मुलगा आठ महिन्यांपूर्वी परदेशी नोकरीला गेलेला. बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्या एकाच माणसाने त्यांना तीन महिन्यांत दहा वेळा लुबाडले होते.

संमतिपत्रावर सही करताना बाईंनी एवढेच विचारले होते, "हे बोलणं मला परत ऐकता येईल ना?" आपली चूक कुठे झाली हे त्यांना शोधायचे असेल, असे संशोधिकेला वाटले. शिक्षिकाच शेवटी.

पुढे मात्र तिचे मत बदलले. बाई प्रत्येक फोनवर जास्त वेळ बोलत. झोप लागते का, तिकडे थंडी आहे का, असले काहीबाही विचारत. माणूस एकटेपणाने इतका घायकुतीला येतो की लुबाडणाऱ्याची सोबतही त्याला हवीशी वाटते, असा निष्कर्ष ती काढू लागली. त्यावर एक प्रकरण लिहून झाले. मार्गदर्शक सरांना ते फार आवडले. फक्त एक परिच्छेद त्यांनी खोडला. फोन करणारी पोरेही पुष्कळदा कोंडून ठेवलेली असतात आणि त्यांचे बोलणे ऐकत कुणीतरी मागे उभे असते, असे तिने त्यात लिहिले होते. 'खरे आहे, पण तो वेगळा प्रबंध. आपला विषय फसणारे,' असा शेरा सरांनी समासात मारला.

अकरावा फोन तिने सोमवारी ऐकला.

"घर विकायला काढलंय," बाई सांगत होत्या. "दलाल येऊन गेला. पंधरा दिवस कळ काढा, साहेब. एवढे पंधरा दिवस."

ती तडक बाईंकडे गेली.

घर दोन खोल्यांचे, नीटनेटके. भिंतीवरचे घड्याळ गेलेले. तिथे नुसता खिळा होता. बाईंनी तिला बसवले आणि चहा पुढे केला.

"बाई, तो चोर आहे."

"असेल."

"मग फोन घेता कशाला?"

"तू चहा घे आधी. निवतोय."

"घर गेल्यावर राहणार कुठे तुम्ही?"

"मी काय, एक खोली पुरते मला." मग बाईंनी एकाएकी तिचे मनगट धरले. पकड घट्ट होती. "तो नंबर कुणाला देऊ नकोस हं. तुम्ही लिहून दिलंय मला, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"बाई, पण..."

"एवढं ऐक गं माझं. मुलीसारखी आहेस."

परतताना तिला रडू आले. संध्याकाळी ती सरांसमोर उभी राहिली.

"गुप्ततेचं वचन दिलंय आपण," सर म्हणाले.

"म्हणजे त्या रस्त्यावर येईपर्यंत मी टिपणं काढत बसू?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "गंभीर हानीचं कलम आहे संमतिपत्रात. ते लावायचं असेल, तर सही तुला करावी लागेल. नंतर मागं फिरता येणार नाही."

तिने सही केली. बाईंच्या विश्वासाला आपण तडा देतो आहोत हे तिला कळत होते. दोन रात्री ती तळमळली. पण तिसऱ्या दिवशी सायबर पोलिसांचा निरोप आला आणि तिच्या जिवात जीव आला. तो नंबर तोडला होता. बाईंचे पैसे ज्या खात्यांत जात, ती सगळी गोठवली होती.

ही बातमी तिला स्वतः द्यायची होती. रागावतील, बोलतील, एखाद्या दिवशी समजून घेतील, असा हिशेब तिने वाटेत मांडला होता.

बाई रागावल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कधीपासून बंद?"

"आज सकाळपासून. तो आता तुम्हाला गाठू शकणार नाही."

"दुसऱ्या नंबरवरून?"

"तुमचा नंबरही बदलून देतील ते. सगळे रस्ते बंद केलेत, बाई."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. संशोधिका त्यांच्याजवळ उकिडवी बसली, त्यांचा गार पडलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"सुटलात हो तुम्ही. घर वाचलं तुमचं."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"त्याची दिवसाची रक्कम जमली नाही," त्या म्हणाल्या, "की तिथं माझ्या मुलाला मारतात गं."