नाही म्हणायचं नाही

"पाणी दे गं, ऋजू."

"नाही हो आप्पा, डॉक्टरांनी बंद केलंय." ऋजुताने ओल्या कापसाने वडिलांचे ओठ टिपले.

"पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं ना?" आप्पा कुजबुजले. "एवढं हॉटेल मॅनेजमेंट शिकलीस!"

ती हसली खरी. कॉलेजातला पहिला धडाच तो होता: पाहुण्याला 'नाही' म्हणू नका, दुसरं काहीतरी सुचवा. हॉटेलात नव्या पोरांकडून ती तो घोकून घ्यायची. इथे सुचवायला ओल्या कापसाखेरीज काही नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला दाराबाहेर बोलावलं. खाली बघत म्हणाले, "आता बंधन नाही. मागतील ते द्या."

ती पाण्याचा पेला घेऊन आत आली. शिकवल्याप्रमाणे उजव्या बाजूने वाकली.

"आप्पा, पाणी आणलंय."

आप्पांनी काहीच मागितलं नाही.