ज्वारीतली सीडी

हरिबाच्या वारलेल्या लेकीचा, सुकन्याचा, आवाज एवढ्या एकाच सीडीत होता. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाल्या मुजाहिदनं ती परत दिली होती. "काका, हिच्यातून काईच निघत न्हाई."

तेव्हा हात टेकलेल्या, सीड्यांतलं काढून देणाऱ्या त्याच्या युनिक्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आज आली. चरे पडलेल्या सीड्याही ती वाचू लागली, तसा मुजाहिद दुकान बंद करून थेट हरिबाच्या नांदूरघाटच्या रानात पळाला.

"काका, सीडी कुठं हाय?"

हरिबानं ज्वारीकडं बोट केलं. काठीला बांधलेली सीडी वाऱ्यावर फिरत होती. उन्हानं चंदेरी थर सोलून निघाला होता, आरपार आभाळ दिसत होतं.

"रानात काहून बांधली, काका?" मुजाहिदनं फिरती सीडी हातात धरली.

"जवारीवरची पाखरं सुकन्याच हाकायची."