गुरुवारचा अंगठा

तेलाच्या बाटलीचं झाकण आजही उघडेना. मावशींनी खोलीचं दार लोटलं, बाटली गुडघ्यांत धरली आणि टॉवेलने झाकण पिरगाळलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी उठलेली कळ कोपरापर्यंत गेली. मग त्यांनी दार उघडलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या माणसाला आत घेतलं.

भिंतीपलीकडे सून पिलाटिसचा वर्ग घेत होती. श्वास सोडा, पोट आत, एकेक मणका सावकाश टेकवा. ती लोकांची शरीरं सरळ करायची, मावशी मालिश करून ती मोकळी करायच्या. नऊ वर्षांचा हा जोडधंदा. पिलाटिसला मावशी ‘आडवं पडून घाम गाळणं’ म्हणत आणि स्वतः चटईच्या वाटेला जात नसत. सून प्रत्येक पेशंटला व्यायामाचं कार्ड द्यायची. काड्यांची माणसं काढलेली, खाली आठवड्यांच्या चौकटी, वर डाव्या कोपऱ्यात नाव. नावाशिवाय कार्ड म्हणजे पत्त्याशिवाय पत्र, असं तिचं म्हणणं.

महिन्यापूर्वी मावशींच्या हातून कप निसटला होता.

“आई, हात दुखतोय का?” सुनेने विचारलं.

“साबण होता हाताला.”

 दोन दिवसांनी सुनेने एखादी मदतनीस घ्यायची गोष्ट काढली. मग दोन पेशंटांच्या मध्ये अर्धा तास मोकळा राहू लागला. रुंद पाठींची, दणकट माणसं मावशींच्या वहीतून गळू लागली. मावशींच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं जी ओळख होती ती या दहा बोटांची. ती गेली तर या खोलीत आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून अंगठ्याचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही.

अशात दर गुरुवारी चार वाजता घड्याळजी येऊ लागले. घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, सुनेच्या सकाळच्या वर्गातले. वाकून वाकून मान धरलेली, त्यात अंगठा दुखतो, बारीक स्क्रू चिमट्यातून सुटतो, अशी तक्रार.

पेशंट म्हणून माणूस मुलखाचा विक्षिप्त होता. मानेवर अंगठा लावू देईना. अंगठ्याने गुदगुल्या होतात, कोपराने दाबा, असा हट्ट. मावशींनी आयुष्यात अंगठ्यावाचून मालिश केलं नव्हतं. पण दोन-तीन गुरुवारांतच त्यांना कोपराचं तंत्र जमलं आणि ते त्या इतरांवरही वापरू लागल्या.

सुनेने दिलेलं कार्ड घड्याळजींना कधी सापडायचं नाही. दर वेळी घरी राहिलेलं. व्यायाम मात्र तोंडपाठ. बोटांभोवती रबर घालून पंजा उघडायचा, कोमट पाण्यात स्पंज दाबायचा, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवून यायचा. पण एकट्याने करतील तर शपथ.

“तुम्ही समोर करा, बाई. मी बघून करतो.”

“शाळेत आहात का?”

“शाळेतही शेजारच्याचं बघूनच केलं.”

मावशी हसल्या आणि रबर उचललं. पहिल्या दिवशी दुखून डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खोकल्यावर ढकललं. घड्याळजींनी रोज सकाळी दहाला फोनही सुरू केला. “चला बाई, रबर काढा.” इकडे मावशी मोजत, तिकडे ते हुंकार देत. आपल्या नवऱ्यानेसुद्धा एवढी मिनतवारी करून घेतली नव्हती, असं त्या सुनेला सांगत. सून हसू लपवत चटया गुंडाळू लागे.

चौथ्या गुरुवारी ते डावा अंगठा चोळत आले.

“मागच्या वेळी उजवा होता,” मावशी म्हणाल्या.

घड्याळजींनी दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं. “आता इकडे आला.”

“अंगठा आहे की भाडेकरू?”

आठव्या गुरुवारी घड्याळजींनी गुण आल्याचं जाहीर केलं. मावशींना आभाळ ठेंगणं झालं. हीच वेळ साधून त्यांनी सुनेला गाठलं. या हातांनी त्या माणसाला बरं केलं, तेव्हा मदतनीस घ्यायचं खूळ डोक्यातून काढ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बोलता बोलता तेलाची नवी बाटली घेतली, झाकण फिरवलं, तेल वाटीत ओतलं.

सून त्या बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काढलं, आई. तुमच्या हाताला गुणच आहे.”

घड्याळजी चष्मा विसरून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तो द्यायला त्यांच्या दुकानात गेल्या. काचेआड ते दुसरा चष्मा लावून काम करत होते. चिमट्यात खसखशीएवढा स्क्रू. हात असा स्थिर, की फोटोच.

“आता अंगठा बरा ना त्यांचा?” मावशींनी गल्ल्यावरच्या त्यांच्या बायकोला विचारलं.

“त्यांच्या अंगठ्याला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. “चाळीस वर्षांत हातून एक स्क्रू पडलेला नाही.”

 म्हणजे ही कीव होती. म्हातारीला बरं वाटावं म्हणून पाठवलेला खोटा पेशंट. आठ आठवडे आपण कुणालाच बरं केलं नव्हतं. चष्मा ठेवून निमूट निघावं म्हणून त्या टेबलाकडे वळल्या.

टेबलामागच्या भिंतीला ते कार्ड टाचलेलं होतं. काड्यांची माणसं, रबर, स्पंज. ‘अंगठा वापरू देऊ नका’ या ओळीखाली दोन रेघा. आठही चौकटींत बरोबरच्या खुणा. आणि वर डाव्या कोपऱ्यात, सुनेच्या गोल अक्षरात, पेशंटचं नाव: आई.